दरीकडे तोंड करून

मला कमान नको होती. हे मी बैठकीत सांगितलं, पत्रात लिहिलं, फोनवर सांगितलं आणि एकदा तर साहेबांना जिन्यात गाठून सांगितलं. घाटात माणूस दरी बघायला थांबतो, कमान बघायला नाही. साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, कमान नसेल तर इथं काहीतरी आहे हे लोकांना कळणार कसं?"

या एका वाक्याशी मी दोन वर्षं भांडले. अजूनही आठवलं की डोकं फिरतं, पण आता त्याचं कारण वेगळं आहे.

मी नाशिकची आर्किटेक्ट. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं ऑफिस. वीस वर्षं लोकांचे बंगले काढले, दोन दवाखाने काढले, एक मंगल कार्यालय काढलं ज्याच्यासमोरून मी आजही मान खाली घालून जाते. तेव्हा त्र्यंबकच्या पुढे, जव्हारच्या रस्त्यावरच्या एका घाटात प्रवाशांसाठी थांबा करायचा आहे, नकाशे काढून द्याल का, असं सरकारी कार्यालयातल्या साहेबांचं विचारणं आलं आणि मी पैशाचं काही न विचारता हो म्हणून बसले. आठ-दहा गाड्या लागतील एवढी जागा, बसायला कट्टा, सावली, स्वच्छतागृह आणि समोर अख्खी दरी. एवढंच काम. मला वाटलं, आयुष्यात एकदा तरी असं काम मिळावं.

त्यामागे एक जुनी गोष्ट होती. वडील अंबडच्या कारखान्यात होते. सुट्टीच्या दिवशी कंपनीतल्या मित्राची जीप मागून आणायचे आणि आम्हाला याच रस्त्याने फिरवायचे. आईची कंबर दुखायची. दर दहा किलोमीटरवर तिला उतरून बसायला लागायचं आणि बसायला जागा कुठेच नसायची. मग ती किलोमीटरच्या दगडावर बसायची. तो दगड तिला बरोबर उंचीचा व्हायचा. पदर डोक्यावर, पाठ रस्त्याकडे, तोंड दरीकडे. "इथून उठूच नये असं वाटतं बाई," म्हणायची. आम्हा पोरांना कंटाळा यायचा. पुढे आई गेली आणि रस्ता रुंद करताना ते जुने दगडही गेले. मी कट्ट्याची उंची काढली ती पुस्तकातून नाही, त्या दगडावरून. दीड फुटाला थोडी कमी.

पहिली पाहणी फेब्रुवारीत झाली. आमच्याकडे सगळ्या पाहण्या फेब्रुवारीतच होतात, कारण मार्चच्या आत कागद पुढे गेले नाहीत तर ते वर्षभर जागचे हलत नाहीत. हवा लख्ख होती. दरीत एकामागे एक डोंगर, शेवटचा तर असा फिकट की आहे का नाही ते कळू नये. मी गाडीतून उतरले आणि थेट कडेला जाऊन उभी राहिले. सोबतचा सर्व्हेअर टेप घेऊन ताटकळत उभा होता. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला डोंगराचा उभा काळा कातळ होता आणि त्यावरून खालपर्यंत एक आणखी काळा, रुंद ओघळ सुकलेला होता. सर्व्हेअरने विचारलं, "हे काय दाखवू?" मी म्हटलं, "गळती. खाली गटार दाखव."

त्या कातळाच्या पायाशी एका बाईची टपरी होती. चार बांबू, वर सागाची पानं, पानांवर निळा कागद. चहा, नाचणीची भाकरी, ठेचा. ती पन्नाशीची असेल, घाटाखालच्या पाड्यावरची. नवरा गेलेला, शेत नावापुरतं, घरात सून आणि दोन नाती. हे सगळं तिने चहा गाळता गाळता सांगितलं. मी तिला मावशी म्हणायला लागले, ती मला बाई.

"मावशी, तुम्ही इकडे डोंगराला चिकटून का बसता? समोर एवढी दरी आहे."

"दरीकडं वारा लय, बाई. चूल टिकत नाय. आन् पावसात लोकं हिकडंच येत्यात."

मी वहीत लिहिलं: वारा.

त्यानंतरची दोन वर्षं कशी गेली ते लिहायला बसले तर या लेखाचं गाऱ्हाणं होईल. पण थोडं गाऱ्हाणं करतेच, कारण दुसरीकडे कुठे करायचं? मी ठरवलं होतं की गाडीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसालाही न उतरता दरी दिसली पाहिजे. म्हणून दरीच्या कडेला बुटका, जाडजूड दगडी कठडा काढला. कार्यालयाने त्यावर छातीएवढ्या उंचीचे चकचकीत स्टीलचे पाइप बसवायला लावले. ते अंबडला एका फॅब्रिकेटरकडे तयार झाले आणि इतके चकचकीत झाले की उन्हात त्यांच्याकडे बघवेना. गाडीत बसलं की बरोबर डोळ्यांसमोर पाइप. मी काळा दगड म्हटलं, त्यांनी काळ्या दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स लावल्या. मी कचऱ्यासाठी साधे डबे काढले, तर पेंग्विनच्या आकाराच्या कचरापेट्या आल्या. त्र्यंबकच्या डोंगरात पेंग्विन! मी विचारलं, हे कशासाठी? उत्तर मिळालं, मुलांना आवडतात. मग ती लाल बदाम असलेली मोठी अक्षरं आली, जी आता प्रत्येक गावाच्या तोंडाशी असतात. आणि शेवटी कमान आली. दोन खांब, वर घुमटी, घुमटीवर कळस. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. साहेबांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, "त्या टपऱ्या काढायच्या. सौंदर्य बिघडतं." मी म्हटलं, गरम भाकरी मिळत नसेल तर तुमच्या सौंदर्यापाशी कुत्रंसुद्धा थांबणार नाही. मावशीला जागा मिळाली नाही तर मी नकाशे परत घेते. मी ग्रामसेवकाकडे तीनदा खेटे घातले, ग्रामपंचायतीचं पत्र आणलं, बचत गटाचा कागद करून घेतला. बैठकीत आवाज चढवला. मला रागीट बाई म्हणून नाव पडलं, पडू दे म्हटलं. अखेर साहेब कंटाळले. "बरं, तेवढं तुमच्या मनासारखं करा," म्हणाले.

आणि ते खरोखर माझ्या मनासारखं झालं. दरीच्या कडेला, खऱ्या काळ्या दगडाची, तीन बाजूंनी बंद आणि दरीकडे उघडी अशी खोली. पश्चिमेच्या वाऱ्याचा तडाखा तोंडावर येऊ नये म्हणून पुढे तिरकी आडभिंत. चुलीवर धुराडं, भांड्यांसाठी दगडी फळी, वर कौलं. गिऱ्हाइकाने भाकरी हातात घ्यावी आणि कट्ट्यावर बसून दरी बघत खावी, मागे रस्ता दिसूच नये. गवंडी चांगला मिळाला होता. दगडाचे सांधे असे बसवले की बोट फिरवत राहावं. सगळ्या प्रकल्पात तेवढं एकच काम असं होतं की त्याचे फोटो मी घरी दाखवले.

उद्घाटन मेमध्ये झालं. संगमरवरी पाटीवर बरीच नावं होती, माझं नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं, कशाला खोटं बोला. पण सगळे गेल्यावर मावशीने नव्या चुलीला हळदकुंकू लावलं, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. तेव्हा माझे डोळे भरून आले. परत येताना नाशकात शिरायच्या चौकात पाऊण तास अडकले, तरी मी गाडीत गुणगुणत होते.

पुढचे दोन महिने एका दवाखान्याच्या स्लॅबने नाकी नऊ आणले. घाटात जायला जमलं ते थेट जुलैच्या मधल्या रविवारी.

त्र्यंबकपासूनच गाड्यांची रांग होती. मी खूश. म्हटलं, चालला आपला थांबा! घाटात पोचले आणि आधी कमान दिसली, मग अक्षरं दिसली, मग पुढे काहीच दिसलं नाही. दरी नव्हती. कठड्यापासून पुढे नुसतं पांढरं. रस्त्यावर धुकं विरळ, पण कठड्याबाहेर असं दाट की हात लांब केला तर बोटं भुरकी दिसावीत. कट्ट्यावर एक माणूस नाही. स्टीलच्या पाइपांवर लोकांनी ओले शर्ट आणि टॉवेल वाळत टाकले होते. बदामावर कुणाची तरी जीन्स होती.

माणसं सगळी रस्त्याच्या पलीकडे होती. कातळावरचा तो सुकलेला ओघळ, ज्याला मी गळती म्हटलं होतं, तो धबधबा होता. पावसात काम बंद असायचं, त्यामुळे दोन वर्षांत मी पावसाळ्यात इथे कधी आलेच नव्हते. पन्नास फुटांवरून पाणी कोसळत होतं आणि त्याखाली पोरं, बाया, काकालोक, सगळे नाचत होते. गाड्या डोंगराच्या बाजूला एकामागे एक लागलेल्या. शेदोनशे माणसं असतील. सगळ्यांची पाठ माझ्याकडे, माझ्या कट्ट्याकडे, माझ्या दरीकडे.

"आन् पावसात लोकं हिकडंच येत्यात." ते वाक्य तेव्हा मला ऐकू आलं होतं. लिहून मात्र घेतलं नव्हतं.

मावशी खोलीत एकटी बसली होती. चूल छान पेटली होती. वाऱ्याची झुळूक नव्हती आत. बाजूला कणसांची टोपली जशीच्या तशी होती, भाकऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या होत्या. ती समोरच्या पांढऱ्याकडे बघत होती.

"या बाई," तिने पाट सरकवला. "तुमचं घर लय गार हाय. बसल्या बसल्या झोप लागती."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी विचारलं, लोक येत नाहीत का? ती म्हणाली, येतात की, दिवसाला पाच-सहा. तेवढ्यात एक येताना दिसला. भिजलेला, धावत. आत डोकावला, चूल बघितली, भाकऱ्या बघितल्या आणि म्हणाला, "अरे, सॉरी. बाथरूम कुठंय?" मावशीने हाताने दाखवलं. मी उठून रस्त्यावर गेले आणि वळून पहिल्यांदा ती खोली धबधब्याखालच्या माणसाच्या नजरेने पाहिली. दगडाची आंधळी भिंत, वर कौलं. चूल दिसत नाही, धुराड्याचा धूर धुक्यात हरवलेला, माणूस नाही. मलाही तिथे स्वच्छतागृहच वाटलं असतं.

"पावसाचे दोन म्हैनेच आमचे," मावशी मागे येऊन म्हणाली. "बाकीच्या वर्साला हितं कोन येतंय? दोन म्हैन्यात जमलं तर पोरींच्या शाळेचं व्हतं."

"मग पलीकडे का नाही बसत? पूर्वीसारखं?"

"बसले व्हते. दोनदा उठवलं. बांबू बी नेले."

पलीकडे एक वॉचमन शिट्टी घेऊन उभा होता. मी तरातरा त्याच्याकडे गेले. या शेदोनशे माणसांना तू काही म्हणत नाहीस, आणि त्या एका बाईची टपरी उठवतोस? तो बिचारा गांगरला. "मॅडम, गाडीवाल्यांना मी कसा अडवणार? विक्रीवाल्यांचं मात्र बोर्डवरच लिहिलंय." त्याने पाटी दाखवली. पिवळ्यावर काळी अक्षरं: डोंगराच्या बाजूस दरड कोसळण्याचा धोका असल्याने थांबण्यास व कोणत्याही वस्तूची विक्री करण्यास सक्त मनाई.

मी ती पाटी दोनदा वाचली. वाक्य माझं होतं. शब्द न् शब्द माझा.

नकाशाच्या कोपऱ्यात सूचना लिहायच्या असतात. दहा-बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका घाटातल्या छोट्या कामासाठी मी त्या लिहिल्या होत्या. तिथे डोंगर मुरमाड होता, दगड खरोखर यायचे. या कामाच्या वेळी मी त्या सूचना जुन्या नकाशावरून उचलल्या आणि इथे चिकटवल्या. सगळे असंच करतात. सूचना कोण वाचतं? कमान नको, हे मी वीसदा लिहिलं तरी कुणी वाचलं नव्हतं. पेंग्विन नको, कुणी वाचलं नव्हतं. आणि जे मी न वाचता चिकटवलं ते मात्र या लोकांनी रंगवून, खांब रोवून उभं केलं होतं. इथला डोंगर एकसंध काळा कातळ आहे. तिथून खडासुद्धा पडलेला मावशीने उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही.

मला इतका राग आला होता की काय सांगू. घाटभर कुणावर काढावा ते कळेना. दोन वर्षं मी साहेबांना शिव्या घातल्या होत्या. कमानीने मावशीचं काही बिघडवलं नव्हतं. पेंग्विनांनीही नाही. तिला जिने बसवलं ती भिंत माझी होती आणि उठवलं ते वाक्यही माझंच होतं.

सोमवारी सकाळी कार्यालयात जाऊन बसले. साहेबांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही, हे कबूल करायला मला त्रास होतो.

"पाटी काढता येईल," ते म्हणाले. "नकाशावर तुमचीच सही आहे. आता तुम्ही लिहून द्या की दरडीचा धोका नाही."

"मी कशी देणार? मी काय भूगर्भवाली आहे?"

"मग धोका आहे हे कसं लिहिलंत?"

मी चहाचा कप पुढे ओढला.

"तज्ज्ञांची पाहणी लावावी लागेल," साहेब म्हणाले. "आता पावसात कोण जाणार वर? फेब्रुवारीत ठेवू."

पुढच्या रविवारी पुन्हा घाट चढले. मावशीला हे सांगायचं कसं, याची वाक्यं वाटभर जुळवत होते. तिने सगळं ऐकलं, कणीस फिरवलं आणि म्हणाली, "म्हंजी औंदा काय व्हत नाय."

"नाही."

ती रागावेल, निदान बोलेल, अशी मी वाट बघत होते. मी तयारी करून गेले होते. तिने माझ्या गाडीकडे पाहिलं. गाडी मी नियमाप्रमाणे, माझ्याच आखलेल्या पट्ट्यांच्या आत, कमानीपलीकडे लावली होती.

"बाई, गाडी हितं आना. भिंतीला लावून. रस्त्यावरनं दिसंल अशी."

"कशाला?"

"एक गाडी दिसली की दुसरी थांबती. लोकाला वाटतं, हितं कायतरी हाय."

मी गाडी आणली. तिने डिकी उघडायला लावली. मग चुलीतली दोन लाकडं बाहेर ओढून भिंतीच्या रस्त्याकडच्या बाजूला, पागोळीच्या आत तीन दगडांवर मांडली. आता धूर रस्त्यावर जायला लागला. मला तिने कट्ट्याच्या भिंतीबाहेरच्या टोकाला बसवलं, दरीकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून. हातात भाकरी दिली, वर ठेचा. "सावकाश खा," म्हणाली. "संपवू नका."

मी बसले. माझ्या मागे, अठरा इंचांना थोड्या कमी उंचीवरून, आईची दरी होती आणि ती दिसत नव्हती. भिजत होते, चिडलेली होते, आणि एवढं शिकून सवरून आता मी भाकरी खाणारं सोंग घेऊन बसले होते. दहा मिनिटं कुणी वळलं नाही. मग पलीकडून एक पांढरी गाडी निघाली, हळू झाली, काच खाली आली.

"काकू, इथं काय आहे?"

मी भाकरीचा हात वर केला. "गरम भाकरी. या."

ते पाचजण उतरले. त्यांच्या गाडीमागे आणखी एक थांबली. मावशीने माझ्याकडे बघितलंही नाही, तिला वेळ नव्हता.

त्या दिवशी टोपली रिकामी झाली. निघताना मावशी म्हणाली, "पुढल्या रैवारी धाच्या आत या. आन् घरची मानसं बी आना, एकटी बाई बसलेली बरं नाय दिसत."

तेव्हापासून दर रविवारी मी पन्नासेक किलोमीटर गाडी चालवत जाते आणि ती भिंतीला लावते. नवरा आधी कुरकुरला, आता तोही येतो, छत्री धरून बसतो. फेब्रुवारीला अजून सहा महिने आहेत.